स्मायली परत आलाय, पण कुठल्या साली?

'कार्लाज चॉइस' ही जॉर्ज स्मायली या हेराची नवी कादंबरी वाचून आलेल्या माणसाला आमच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न असतो, "त्याआधी काय काय वाचलं होतंस?" उत्तर ऐकलं की पुढचं मत काय असणार याचा अंदाज येतो आणि तो सहसा चुकत नाही. रत्नागिरी, चिपळूण, मालवण, सावंतवाडी इथल्या हेरकथावाल्यांची मतं ऐकून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. दुसऱ्याचा नायक घेऊन कादंबरी लिहायची तर शैली, संवाद, लकबी हे सगळं नंतरचं. आधी साल. मूळ लेखकाने मोकळ्या सोडलेल्या जागांपैकी कुठली जागा निवडली, यावर निम्मा निकाल लागतो.

माहिती नसलेल्यांसाठी थोडक्यात. जॉन ल कारे म्हणजे डेव्हिड कॉर्नवेल, ब्रिटिश गुप्तचर खात्यात प्रत्यक्ष नोकरी केलेला लेखक. डिसेंबर २०२० मध्ये वारला. त्याचा जॉर्ज स्मायली १९६१ च्या 'कॉल फॉर द डेड'मध्ये पहिल्यांदा दिसला आणि २०१७ च्या 'अ लेगसी ऑफ स्पाइज'पर्यंत अधूनमधून येत राहिला. बुटका, जाडसर, महागाचे कपडेही अंगावर ढगळ दिसणारा, जुन्या जर्मन कवितेत रमणारा, आणि बायको सोडून जाते तरी तिची वाट बघणारा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल कारेच्या मुलाने, निक हार्कवेने, या स्मायलीवर नवी कादंबरी आणली. हार्कवेचा जन्म १९७२ चा, म्हणजे कार्लाची, स्मायलीच्या त्या रशियन प्रतिस्पर्धी हेरप्रमुखाची, तीन पुस्तकं लिहिली जात होती तेव्हा हे पोर त्याच घरात वाढत होतं. तो स्वतः कादंबरीकार आहे, पण विज्ञानकथेकडे झुकणारा. वडिलांच्या मागे राहिलेल्या 'सिल्व्हरव्ह्यू'वरही शेवटचा हात त्यानेच फिरवला होता.

आता सालाकडे येऊ. 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' १९६३ चं. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' १९७४ चं. पहिल्याच्या शेवटी बर्लिनच्या भिंतीपाशी जे घडतं ते ज्याने वाचलंय तो विसरत नाही. दुसऱ्याच्या सुरुवातीला स्मायलीला खात्यातून काढलेलं आहे, कंट्रोल म्हणजे खात्याचा प्रमुख मेलेला आहे आणि सर्कशीत, म्हणजे ल कारेच्या गुप्तचर खात्यात, वरच्या पातळीवर कुणीतरी फितूर बसलाय. मधल्या दहा वर्षांत काय झालं? ल कारेने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, सलग कधीच नाही. हार्कवेने या पोकळीचं अगदी सुरुवातीचं टोक धरलं: १९६३ चा वसंत, भिंतीच्या प्रकरणानंतर लगेचचे दिवस. स्मायली खातं सोडून घरी बसलाय, अ‍ॅनबरोबर संसार पुन्हा सावरू बघतोय, आणि कंट्रोल त्याला "एवढं एक छोटंसं काम" म्हणून परत बोलावतो.

साल किती विचारपूर्वक निवडलंय ते खऱ्या इतिहासाशी ताडून बघा. ब्रिटिश गुप्तचर खात्यात राहून रशियासाठी काम करणारा किम फिल्बी बैरूतहून गायब झाला जानेवारी १९६३ मध्ये. युद्धमंत्री प्रोफ्युमोने राजीनामा दिला त्याच वर्षी जूनमध्ये. आदल्या हिवाळ्यात इंग्लंड महिनोनमहिने बर्फाखाली गोठलं होतं. म्हणजे फितुरीचा वास खऱ्या लंडनमध्येही सुटलेला होता, फक्त तो कुणाच्या अंगाला येतोय हे कळत नव्हतं. वातावरण उभं करायला लेखकाला फार कष्ट पडत नाहीत, ते सालच करून देतं.

आणि १९६३ हे साल आपल्या किनाऱ्यालाही परकं नाही. जानेवारीत मोरारजींचा सुवर्ण नियंत्रण आदेश आला, १४ कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. नवा कस्टम्स कायदा १ फेब्रुवारीला लागू झाला. गोवा मुक्त होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. बांदा-सातार्डा पट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांना गावाशेजारी आंतरराष्ट्रीय सीमा असणं म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावं लागत नाही. तिकडच्या एका आजोबांनी कादंबरीतल्या सीमेवरच्या भागाबद्दल दिलेला अभिप्राय मला कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त पटला: "सीमेवर भीती बंदुकीची नसता, कागदाची असता. शिक्को बरोबर आसा की नाय, ह्या बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघीत उभो ऱ्हवाचा लागता."

कथानकाबद्दल सांगण्याजोगं एवढंच. सुझॅना गेरो ही हंगेरीतून आलेली तरुणी लंडनमध्ये बानाती नावाच्या साहित्यिक एजंटच्या कचेरीत काम करते. एक दिवस बोर्टनिक नावाचा माणूस येतो आणि सांगतो की मला मॉस्कोने तुझ्या साहेबाला मारायला पाठवलंय, पण मी मारणार नाही, देवाने मला तसं सांगितलंय. साहेब मात्र आधीच पसार. मग सर्कस, मग स्मायली, आणि मग गोष्ट लंडन सोडून बर्लिन आणि पोलादी पडद्यापलीकडे सरकते.

या सुरुवातीवर सगळ्यांत जास्त बोलले ते कस्टम्समधून निवृत्त झालेले एक काका. त्यांच्या मते आपण होऊन चालून आलेला माणूस हाच सगळ्यांत संशयाचा. खबरी पैशासाठी येतो, सुडासाठी येतो किंवा दुसऱ्या टोळीने पाठवला म्हणून येतो. चौथं कारण सांगणारा आला की खुर्ची पुढे ओढून बसायचं. देवाचं कारण हे चौथं, आणि म्हणून सुरुवात पकड घेते. सुझॅनाकडून स्मायली माहिती काढतो त्या भागावरही ते खूश होते. जबाब घेण्याची त्यांनी सांगितलेली रीत अशी: पहिल्या खेपेला माणसाला अडवायचं नाही, भरकटला तरी बोलू द्यायचं. दुसऱ्या खेपेला घड्याळ लावायचं, किती वाजता आलास, चहा कधी आला, बाहेर उजेड होता की दिवे लागले होते. तिसऱ्या खेपेला माणूस सोडून वस्तूंवर यायचं: टेबलावर काय होतं, छत्री ओली होती का, खुर्ची कुणी सरकवली. खोटं बोलणारा घटना पाठ करून येतो, वस्तू पाठ करत नाही. स्मायलीची पद्धत याच जातीची, मऊ आवाजाची आणि मागे-पुढे जाणारी. हार्कवेने ती नीट उचललीय. ल कारे स्वतः चौकशीच्या टेबलाशी बसलेला होता. मुलगा बसलेला नाही, तरी हा भाग उसना वाटत नाही.

नावडलं कुणाला? बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजयवर आणि गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपवर वाढलेल्या पिढीला. तिथे हेर म्हणजे दार लाथेने उघडणारा. मालवणच्या एका वाचकाने शंभर पानं झाल्यावर पुस्तक परत केलं आणि वर म्हणाला, "ह्यो नुसतो बसान इचार करता, मारामारी खंय आसा?" तक्रार खोटी नाही. पण ती हार्कवेबद्दलची नसून ल कारेबद्दलची आहे, आणि त्या वाचकाने याआधी ल कारेचं एकही पुस्तक हातात घेतलं नव्हतं. अशाला आधी 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' द्यावं. ते बारीक आहे, दोन-तीन रात्रींत होतं, आणि त्यातही मारामारी फारशी नसली तरी शेवट असा येतो की माणूस पुढचं पुस्तक स्वतः मागतो.

गंमत म्हणजे ल कारे पाठ असलेल्यांची तक्रार बरोबर उलटी. त्यांना उत्तरार्ध फार पळतो असं वाटतं. 'टिंकर टेलर'मधला स्मायली फायली वाचतो, माणसांकडे जाऊन बसतो, आठवणी उकरतो. इथला स्मायली जास्त हिंडतो, जास्त धोका पत्करतो. मला विचाराल तर हे सालाशी सुसंगत आहे. १९६३ चा स्मायली अजून थकलेला नाही आणि भिंतीपाशी जे झालं त्याचं ओझं ताजं आहे. घरी बसून राहण्यापेक्षा तो निघेलच. आपल्या डोळ्यांसमोरचा स्मायली म्हणजे १९७९ च्या बीबीसी मालिकेतला अ‍ॅलेक गिनेस, पासष्टीचा. त्या चेहऱ्याने हा स्मायली वाचला की प्रत्येक धावपळ खटकते. चेहरा बदलून वाचा.

वयाचा हिशेब मात्र कुणी लावू नये, कारण तो मूळ लेखकानेच बिघडवून ठेवलाय. पहिल्या पुस्तकात स्मायली १९२८ मध्ये खात्यात येतो. पुढे पात्र लांबतंय हे लक्षात आल्यावर ल कारेने 'टिंकर टेलर'च्या वेळी त्याला हळूच तरुण केला. तरी 'अ लेगसी ऑफ स्पाइज'मध्ये तो जिवंत भेटतो तेव्हा पहिल्या हिशेबाने शंभरी कधीच ओलांडलेला असायला हवा. म्हणून "मुलाने तारखा चुकवल्या" असं म्हणणाऱ्यांना आमच्याकडे सध्या फार भाव नाही.

खरी मजा आणखी एका गोष्टीत आहे आणि ती सालामुळेच मिळते. 'टिंकर टेलर' वाचलेल्याला फितूर कोण ते माहीत असतं. १९६३ च्या सर्कशीत तो माणूस साळसूदपणे वावरतोय. पाचव्या मजल्यावर बैठक बसली की वाचकाची नजर आपोआप त्याच्यावर जाते: आता हा काय ऐकतोय, कुणाला सांगणार? पात्रांना काही कळत नाही, आणि लेखकाला कळू देताही येत नाही. ठरलेल्या गोष्टीने हात असे बांधलेले बघायचे असतील तर दशावतार बघावा. आख्यान ठरलेलं, राक्षस मरणार हे देवळासमोर बसलेल्या पोरालाही ठाऊक, संहिता नावाची वस्तू नाही. तरी मध्यरात्र उलटून गेल्यावर लोक जागे असतात, कारण आजचा नट ठरलेल्या दोन प्रसंगांच्या मधली जागा कशी भरतो ते बघायचं असतं. तिथे कथा बदललेली चालत नाही आणि कालच्याच नटाची नक्कलही चालत नाही.

नक्कल कशी ओळखायची? लकबी मोजा. स्मायली टायच्या रुंद टोकाने चष्मा पुसतो हे जगभरच्या वाचकांना माहीत आहे. पुढे चालवणारा लेखक घाबरलेला असला की दर प्रकरणात चष्मा पुसला जातो, दर पेयाची कृती दिली जाते, दर बंदुकीचं मॉडेल सांगितलं जातं. या बाबतीत हार्कवेचा हात आखडता आहे, हे कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या मॅडमनीही मान्य केलं. त्यांचा आक्षेप वेगळा: वाक्यं कधीकधी जास्त चमकदार होतात, विनोद जरा जास्त वेळा येतो. वडिलांचा विनोद कोरडा आणि कडू होता, मुलाचा थोडा खेळकर आहे. पण सुझॅना आणि अ‍ॅन यांच्या बाबतीत मुलाने बाजी मारली असंही त्याच म्हणाल्या. ल कारेच्या जुन्या पुस्तकांत अ‍ॅन बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या बोलण्यातूनच कळते. इथे तिला स्वतःचं म्हणणं आहे.

दुसरी तपासणी काळाची. १९६३ च्या लंडनमध्ये कुणी "पन्नास पेन्स" दिले की पुस्तक मिटावं. ब्रिटनमध्ये दशमान चलन १५ फेब्रुवारी १९७१ ला लागू झालं. त्याआधी बारा पेनीचा शिलिंग आणि वीस शिलिंगचा पौंड. आपल्याकडे नवे पैसे १९५७ लाच आले होते, म्हणून आपल्या वाचकाला हे चटकन जाणवत नाही. टेलिफोन नंबर निव्वळ आकड्यांचा असेल तरी शंका घ्यावी, तेव्हा लंडनच्या नंबरात आधी एक्स्चेंजची तीन अक्षरं असत. आणि गुप्तचर खातं आहे हे सरकार उघड कबूल करत असेल तर तेही नाही. एमआय-सिक्सला कायद्याने कबुली मिळाली ती थेट १९९४ मध्ये. 'कार्लाज चॉइस'मध्ये मला असं काही ठेचकाळणारं सापडलं नाही.

बाँडवाल्यांशी या विषयावर भांडण लागतं ते वेगळंच. इयन फ्लेमिंग ऑगस्ट १९६४ मध्ये गेला. त्यानंतर १९६८ मध्ये किंग्सली एमिसने रॉबर्ट मार्कम या टोपणनावाने 'कर्नल सन' लिहिली, काळ तोच ठेवला आणि ती अजून वाचवते. १९८१ पासून जॉन गार्डनरने बाँडला वय न वाढवता उचलून ऐंशीच्या दशकात ठेवला आणि १९९६ पर्यंत चालवला. जेफ्री डीव्हरने २०११ मध्ये तर त्याला अफगाणिस्तानात लढून आलेला आजचा तरुण केला. साल काढून घेतलं की बाँडचं काय उरतं? नाव, नंबर आणि साहेब. विल्यम बॉइडने 'सोलो'मध्ये १९६९ धरलं आणि पंचेचाळीस वर्षांचा बाँड दाखवला, ते जास्त प्रामाणिक. पण जागा निवडण्यात सगळ्यांत हुशार अँथनी हॉरोविट्झ. त्याने तीन पुस्तकांत तीन पोकळ्या घेतल्या: 'ट्रिगर मॉर्टिस' थेट 'गोल्डफिंगर'च्या पाठीला लावून, 'फॉरएव्हर अँड अ डे' पहिल्या कादंबरीच्याही आधी, आणि 'विथ अ माइंड टु किल' शेवटच्या कादंबरीच्या नंतर. आधी, मध्ये, शेवटी. चौथी जागा शिल्लकच नाही.

जेसन बोर्न या हेराबद्दल मी फार बोलणार नाही. रॉबर्ट लडलमने तीन लिहिली, त्याच्या मृत्यूनंतर एरिक व्हॅन लस्टबाडरने त्याच्या तिपटीहून जास्त. २००४ च्या पहिल्याच पुस्तकात त्याने कॉन्क्लिन आणि पॅनॉव्ह या दोन जुन्या, जिवाभावाच्या पात्रांना सुरुवातीलाच मारून टाकलं. परक्याच्या घरात राहायला येऊन पहिल्या दिवशी भिंत पाडल्यासारखं झालं ते. कित्येक वाचक तिथेच उतरले.

आता वाचायचा क्रम. किमान एवढं करा: 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' आधी, कारण नव्या कादंबरीच्या पहिल्याच पानांत त्याचा शेवट उघडा पडतो. त्यातला पूर्व जर्मन हेर मुंड्ट कोण हे नीट कळायला हवं असेल तर त्याच्याही आधी 'कॉल फॉर द डेड', तेही छोटंच. 'टिंकर टेलर' मात्र आधी की नंतर यावर आमच्यात एकमत नाही. आधी वाचलंत तर फितूर ठाऊक असल्याची ती अस्वस्थ मजा मिळेल. नंतर वाचलंत तर 'टिंकर टेलर'मधलं रहस्य रहस्य राहील, आणि जिम प्रिडो, टोबी एस्टरहेज, पीटर ग्विलम ही माणसं ओळखीची झाल्यामुळे त्यातली सुरुवातीची दमछाक वाचेल. मी आधी वाचा म्हणेन. 'द ऑनरेबल स्कूलबॉय' जाडजूड आहे, हाँगकाँगकडे जातं, या कामासाठी त्याची गरज नाही.

कार्लाबद्दल एक भारतीय धागा लक्षात ठेवा. 'टिंकर टेलर'मध्ये स्मायली सांगतो की कार्लाला तो एकदाच समोरासमोर भेटला, पन्नाशीच्या दशकात, दिल्लीच्या तुरुंगात. अ‍ॅनने दिलेला लाइटर तेव्हा कार्लाकडे गेला तो परत आलाच नाही. म्हणजे १९६३ मध्ये तो लाइटर आधीपासून त्याच्याकडे आहे. हे मनात ठेवून नव्या पुस्तकातली अ‍ॅनची पानं वाचा.

एकच प्रत हातोहात फिरत असेल तर नावं विसरली जातात, मग लोक पुस्तकाला कंटाळवाणं म्हणतात. यावर आमच्याकडे चालणारा उपाय म्हणजे आतल्या कव्हरला चिकटवलेली चिठ्ठी. डाव्या बाजूला जुनी माणसं: कंट्रोल, स्मायली, अ‍ॅन, ग्विलम, एस्टरहेज, प्रिडो, हेडन, कॉनी सॅक्स. उजव्या बाजूला नवी: सुझॅना, बानाती, बोर्टनिक. बानातीसमोर दोन ओळी कोऱ्या सोडायच्या, का ते पुढे कळतं. शेंड्याला एकच आकडा, १९६३. पेनाने नको, पेन्सिलीने, कारण जून ते सप्टेंबर आपल्या हवेत शाई पसरते. त्याच दिवसांत पुस्तक भिंतीला टेकून ठेवू नका. कणा नुसता गोंदाचा असतो, दमट भिंतीशी आठवडा काढला की मधली पानं सुटून हातात येतात. श्राव्य आवृत्ती ऐकणाऱ्यांनी घरूनच उतरवून घ्यावी. कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात स्मायलीचा प्रश्न ऐकू येतो आणि उत्तर भोके स्टेशनाला मिळतं.

सध्याची पैज पुढच्या पोकळीवर आहे. १९६४ ते १९७२ मधलं कुठलं साल घ्यावं? बहुतेकांचं बोट १९६८ च्या प्रागवर पडतं, रशियन रणगाडे शिरले ते वर्ष. तिथली जाळी जिम प्रिडो सांभाळायचा हे 'टिंकर टेलर'मध्येच आहे, त्यामुळे माणूस तयार आहे. अडचण एवढीच की तो पुढे पकडला जातो ते चेकोस्लोव्हाकियातच, ब्रनोजवळ, आणि त्या वेळी तो तिकडे जायला तयार का झाला याची कारणं ल कारेने नीट बांधून ठेवली आहेत. १९६८ मध्ये तिथे आणखी एक मोठा प्रसंग घुसडला तर ती कारणं ढिली पडतात. कस्टम्सवाल्या काकांनी १९६६ वर पैसे लावलेत. का, ते सांगत नाहीत.